शिशात कथील किती?

शिशाची एक लगड घ्या आणि जुन्या छापखान्यातले अक्षरांचे मूठभर खिळे घ्या. दोन्ही फरशीवर टाका. लगड 'थप्प' करून बसते, ओल्या मातीचा गोळा पडावा तशी. खिळे मात्र खणखणतात. खरे तर दोन्हींत मोठा वाटा शिशाचाच. लगडीवर अंगठ्याचे नख ओढले तर चकचकीत ओरखडा उठतो. खिळ्यावर ओढले तर नखच झिजते.

बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या रायफली जपणारी आणि त्यांच्यासाठी घरीच गोळ्या ओतणारी बरीच मंडळी अमेरिकेत आणि युरोपात आहेत. भंगारातून आलेल्या धातूची पहिली परीक्षा ती अशीच कानाने आणि नखाने करतात. नवशिक्याची पहिली चूकही इथेच होते, कारण त्याला खणखणणारा धातू आवडतो. बंदुकीची गोळी म्हणजे कडकच असणार, हे आपण सगळेच गृहीत धरतो. काळ्या दारूच्या रायफलीत हे गृहीत उलटे पडते. तिथे बहुतेक वेळा बाजी मारते ते 'थप्प' करणारे शिसे. प्रश्न उरतो तो त्यात कथील किती घालायचे एवढाच, आणि या एवढ्याशा प्रश्नावर दोनशे वर्षे खल चालू आहे.

गोळीसाठी शिसेच का, याचे उत्तर सोपे आहे. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या चुलीवर. पाण्याच्या ११ पट जड असल्याने लहान आकारात भरपूर वजन मावते आणि हवेत वेग टिकतो. शिवाय ते लोखंडी नळीला ओरबाडत नाही. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांपासून कोकणात आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकांपर्यंत सगळ्यांना शिसेच चालते ते यामुळेच.

नळी आतून गुळगुळीत असेल तर शिसे कुठले, कसले, हे कोणी फारसे विचारत नाही. ९ जुलै १७७६ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला. तो ऐकून तापलेल्या जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी गेले आणि तिथे बायकापोरांनी मिळून त्यांच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. आकडा इतका नेमका आहे, कारण कोणी किती गोळ्या ओतल्या याची नोंदच ठेवली गेली. पुतळ्याच्या शिशात आणखी काय मिसळले होते, याची त्या घाईत कोण चौकशी करणार? मस्केट म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक; तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असायची. ती नळीत खुळखुळत सुटायची आणि शंभर यार्डांपलीकडे कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

रायफल आली आणि शिशाची निवड हा विषय झाला. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळीने त्या खाचा धरल्या तर ती भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि सरळ जाते. खाचा धरायच्या तर गोळी नळीत घट्ट बसायला हवी. घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर गज हाणून हाणून हात दुखायचा, आणि चार बार झाले की काळ्या दारूची काजळी नळीत साचून पाचवी गोळी अर्ध्यावरच अडायची. काळ्या दारूचे वजनी अर्ध्याहून अधिक अवशेष जळल्यावर घनरूपात उरतात. नळीत मागे राहणारे कीट त्यातलेच.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी यावर फडक्याचा तोडगा वापरला. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवायची आणि तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठासायची. खाचा फडके धरते, गोळी नुसती त्याच्यासोबत फिरते. इथे निव्वळ शिसे सर्वांत बरे. ठासताना फडक्याची वीण गोळीच्या अंगावर उमटते आणि गोळी फडक्यात रुतून बसते. आजही या जातीच्या रायफलीला बहुतेक जाणकार निव्वळ शिसेच देतात. इथवर वाद नाही.

खरी गंमत सुरू होते १८४०च्या दशकात, फ्रान्समध्ये. कॅप्टन क्लोद-एतियेन मिनिए यांनी लांबट, टोकदार गोळी पुढे आणली. तिच्या बुडाला खळगी होती आणि खळगीत लोखंडाची छोटी वाटी. गोळी नळीपेक्षा लहान, त्यामुळे ती सहज आत सरकायची. बार उडाला की वाटी पुढे घुसायची, बुडाची कड फुगायची आणि खाचा धरायची. ठासताना सैल आणि सुटताना घट्ट, अशी ही युक्ती. ब्रिटिश सरकारने तिच्यासाठी मिनिए यांना २०,००० पौंड मोजले. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन यांनी वाटी काढूनच टाकली. खळगी खोल आणि कड पातळ ठेवली की दारूचा वायूच ती फुगवतो, हे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकन यादवी युद्धात लाखोंनी वापरल्या गेलेल्या त्या .५८ इंची गोळ्या याच घाटाच्या. एकेकीचे वजन सुमारे ५०० ग्रेन, म्हणजे आपल्या मापाने पावणेतीन तोळे.

आता या गोळीसाठी खिळ्यांचा कडक धातू वापरून बघा. कड फुगतच नाही. गोळी खाचांना वरवर स्पर्श करत निघते, तापलेला वायू बाजूने निसटतो आणि पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोळी आडवी लागल्याचा लांबट छेद दिसतो. रायफल खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडणारे बरेच जण प्रत्यक्षात अशा कडक शिशाचे बळी असतात. या गोळीला निव्वळ मऊ शिसेच हवे. इथे कथीलही नको.

मऊ शिशाच्या या करामतीचा एक धागा थेट १८५७शी जुळतो. ब्रिटिशांची १८५३ची एन्फील्ड याच तत्त्वावर चालायची. .५७७ इंची नळीत गुळगुळीत अंगाची लहान गोळी सरकवायची, आणि ती फुगून खाचा धरायची. गोळीच्या अंगावर खोबणी नव्हती, त्यामुळे वंगण भरायला जागाही नव्हती. म्हणून वंगण आले ते गोळीभोवतीच्या काडतुसाच्या कागदाला. ते वंगण कसल्या चरबीचे, या प्रश्नाने पुढे काय पेटले ते आपण शाळेपासून शिकलो आहोत. वरसईच्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची ती गोष्ट येते. बंडाची कारणे अनेक होती. पण काडतुसाला चरबी मुळात का लावली होती, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. उत्तर आहे काजळीने भरलेली नळी आणि फुगणारे मऊ शिसे.

मागून काडतूस भरायच्या रायफली आल्यावर ठासण्याची कटकट संपली. मग गोळी फुगायची गरजही संपली असेल ना? नाही संपली, आणि यामागची क्रिया मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. काळी दारू झटकन पेटते आणि दाब एकदम चढवते. गोळीच्या बुडाला धक्का बसतो, पण तिचे नाक जागचे हलायला राजी नसते. बूड पुढे ढकलले जाते, नाक मागे रेटते आणि मधल्यामध्ये गोळी क्षणभरात आखूड आणि जाड होते. कणकेचा उभा गोळा बोटाने दाबला की तो कडेने फुगतो ना, तसेच. बुडाला खळगी नसली तरी गोळी स्वतःहून नळी भरून काढते. ही क्रिया होण्यासाठी धातू दाबापुढे नमणारा हवा, आणि काळ्या दारूचा दाब आजच्या रायफलीच्या दारूच्या मानाने बराच कमी. म्हणून कडक गोळी तिथे नमतच नाही.

मग नळीला शिसे चढते. नवशिक्याला वाटते, शिसे चढले म्हणजे गोळी मऊ होती, अजून कडक करू. तो शिसे कडक करणारा अँटिमनी हा धातू वाढवतो आणि शिसे आणखी चढते. कारण न फुगलेल्या गोळीच्या कडेने निसटणारा वायू धातू वितळवत, खरवडत जातो आणि तोच नळीच्या भिंतीला चिकटतो. रोग एक आणि औषध भलतेच.

इतके ऐकल्यावर वाटेल, मग सगळीकडे निव्वळ शिसेच ओतावे. तेही जमत नाही. गोळी लांब झाली की मऊपणा अंगाशी येतो.

ब्रिटिश फौजेतल्या दोन रायफली शेजारी ठेवून बघू. स्नायडर म्हणजे जुन्या एन्फील्डला मागून भरायची सोय केलेली, .५७७ इंची. मार्टिनी-हेन्री १८७१ची, .४५ इंची. दोन्हींची गोळी ४८० ग्रेनची, सारख्याच वजनाची. पण मार्टिनीची नळी अरुंद असल्याने तिची गोळी सडपातळ आणि लांब. स्नायडरची गोळी मऊ शिशाची, बुडाला खळगी असलेली. मार्टिनीच्या गोळीत मात्र १२ भाग शिशाला १ भाग कथील होते आणि भोवती कागद गुंडाळलेला असे. लांब गोळी निव्वळ शिशाची असती तर धक्क्याने तिचे नाकच बसले असते आणि एका बाजूला कललेले नाक घेऊन ती भरकटली असती. मार्टिनीचा पल्ला लांब आणि मार्ग सपाट. लांब नाक धक्क्यातही टिकवणारे ते बाराव्या भागाचे कथील नसते, तर त्या सडपातळ गोळीचा उपयोगच झाला नसता.

या फरकाची किंमत आपल्याकडच्या माणसांनी मोजली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या रणात ६६वी गोरी पलटण मार्टिनी घेऊन उभी होती. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या मुंबई लष्कराच्या पलटणींच्या हाती स्नायडर होती. १८५७ नंतर देशी शिपायाला गोऱ्या शिपायाहून एक पिढी जुने हत्यार द्यायचे, असे सरकारी धोरणच होते. मैवंदचा पराभव केवळ हत्यारामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण एकाच मैदानात, एकाच बाजूला, मऊ गोळी आणि कथील घातलेली गोळी अशा दोन वेगळ्या काळांच्या गोळ्या एकत्र उडत होत्या, हे खरे.

लांब पल्ल्याची खरी चुरस युद्धाबाहेर रंगली. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचे सहा-सहा नेमबाज उतरले. अंतरे होती ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश मंडळींकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आयरिश संघातल्या एकाने एक अचूक गोळी चुकून शेजारच्या निशाणावर मारली होती. तिचे गुण मिळाले असते तर निकाल फिरला असता. ठासणीची रायफल नव्या तंत्रापुढे हरली, पण हरली ती तीन गुणांनी. अंतर हजार यार्ड असते तेव्हा गोळीचे नाक किती टिकले आणि बूड किती फुगले, या दोन्हींचा हिशेब लागतो. क्रीडमूरच्या लांब गोळ्यांसाठी कथिलाचा तोल सांभाळणे ही तेव्हाच्या नेमबाजाची रोजची चिंता होती.

आता कथिलाकडेच वळू. आपल्या घरांना कथील ओळखीचे आहे ते कल्हईमुळे. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कल्हईवाला जो चकचकीत धातू फिरवायचा, तेच हे. शिशात ते दोन कामे करते. एक, धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. वितळलेल्या निव्वळ शिशाला पृष्ठताण मोठा, ते साच्याच्या खोबण्यांत शिरायला कुरकुर करते आणि कडा बोथट राहतात. थोडे कथील पडले की कडा धारदार उठतात. दोन, गोळी थोडी कणखर होते, आणि ही 'थोडी'च महत्त्वाची आहे.

धातूचा कडकपणा मोजायची योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याची १९०० सालची पद्धत आजही चालते. धातूवर पोलादी चेंडू ठराविक जोराने दाबायचा आणि पडलेल्या खळीवरून आकडा काढायचा. निव्वळ शिसे ५च्या आसपास. २० भाग शिशाला १ भाग कथील, ज्याला हे लोक 'वीसास एक' म्हणतात, ते १०च्या घरात. दहास एक केले, म्हणजे कथील जवळजवळ दुप्पट केले, तरी आकडा साडेअकराच्या वर फारसा जात नाही. म्हणजे पहिल्या चमच्यात जितका फरक पडतो तितका पुढच्या चमच्यांत पडत नाही. आणि कथील शिशाच्या दहापटीहून महाग. खिशाचा विचार केला तरी फार घालणे शहाणपणाचे नाही.

अँटिमनीची गोष्ट वेगळी. सुरमा ज्या खनिजाचा म्हणून ओळखला जातो, त्यातला हा धातू. छापखान्याच्या खिळ्यांना खणखणाट येतो तो अँटिमनीमुळे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे ज्या देखणेपणासाठी नावाजले गेले, त्या देखणेपणामागे अक्षर कोरणाऱ्याचा हात होताच, शिवाय बारीक रेषाही न बोथटता टिकवणारा धातूही होता. लायनोटाइप या ओळजुळणी यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. ब्रिनेल आकडा २२च्या आसपास. हजारो कागद दाबायला तो उत्तम. काळ्या दारूच्या दाबापुढे मात्र तो नमतही नाही आणि फुगतही नाही. शिवाय ठिसूळ. वर तो हलका, कारण अँटिमनी शिशाच्या मानाने बरेच हलके. एकाच साच्यातली लायनोटाइपची गोळी निव्वळ शिशाच्या गोळीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी हलकी भरते.

अँटिमनीचा आणखी एक खोडसाळपणा असा की त्याचा मिश्रधातू ओतल्यानंतरही बदलत राहतो. आज ओतलेली गोळी दोन-तीन आठवड्यांनी आज होती त्याहून कडक असते, विशेषतः साच्यातून थेट पाण्यात टाकली तर. कथील-शिशाची गोळी तशी शब्दाला जागणारी. काळ्या दारूवाले कथिलाच्या मागे लागतात ते बरेचसे या भरवशामुळे.

मग कोणत्या गोळीला कथील किती? ज्यांचा साचा बुडाला खळगी असलेला त्यांनी निव्वळ शिसे घ्यावे. छोट्या-मध्यम लांबीच्या, वंगणाच्या खोबण्या असलेल्या काडतुसी गोळीला तिसास एक ते वीसास एक. लांब नाकाच्या, कागद गुंडाळलेल्या गोळीला सोळास एक. न्यू मेक्सिकोतल्या रॅटन इथे १९८५ पासून काळ्या दारूच्या काडतुसी रायफलींनी पोलादी प्राण्यांच्या आकृत्या पाडायची स्पर्धा भरते. शेवटची मेंढ्याची आकृती ५०० मीटरवर. अशा स्पर्धेसाठी गोळ्या ओतणाऱ्यांच्या तोंडी हेच आकडे असतात. त्यात कोणी अर्धा भाग इकडे, कोणी अर्धा तिकडे, आणि त्यावरून रात्र रात्र वाद. रायफलगणिक आवड वेगळी असते, हे मात्र सगळेच मान्य करतात.

धातू मिळवणे हेच खरे डोकेदुखीचे काम. जुन्या छपरांचे आणि नळांचे शिसे बहुधा मऊ निघते. मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावायची शिशाची वजने एकेकाळी या छंदाचा अन्नदाता होती. क्लिपने अडकवायच्या वजनांत अँटिमनी असते, चिकटवायची जवळजवळ निव्वळ शिशाची. युरोपात २००५ पासून त्यांवर बंदी आली, अमेरिकेतल्या काही राज्यांतही आली, आणि आता त्याच आकाराची जस्ताची वजने भंगारात मिसळून येतात. भांड्यात अशी दोन-चार वजने चुकून वितळली तर शिशाची अक्षरशः खिचडी होते, साच्यात ओतताच येत नाही. गाडीच्या बॅटरीचे शिसे मात्र कोणीही घेऊ नये. त्यातल्या अँटिमनी, आर्सेनिक आणि आम्लाच्या अवशेषांपासून निघणारे वायू जीवघेणे असतात.

ओतताना काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लोखंडी भांड्यात वितळलेले शिसे आरशासारखे दिसते, आणि बघता बघता त्यावर करडी साय धरते. नवशिका तिला मळी समजून झाऱ्याने काढून फेकतो. तो फेकतो ते बरेचसे महागडे कथील, कारण हवेशी आधी कथीलच जुळते. जुना हात अशा वेळी मेणाचा तुकडा किंवा मूठभर लाकडाचा भुसा टाकून ढवळतो. धूर निघतो, साय पुन्हा धातूत विरघळते आणि उरलेली काळी राख तेवढी काढून टाकायची. पहिल्या आठ-दहा गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा थंड असतो. त्या परत भांड्यात. साचा फार तापला तर गोळीवर दहिवरासारखा पांढुरका थर दिसतो. मधली वेळ साधली की गोळी आरशासारखी उतरते. मग प्रत्येक गोळी तराजूवर. दोन-चार ग्रेन कमी भरली तर आत हवेचा फुगा अडकला समजायचे आणि तीही परत भांड्यात.

भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले शिसे छतापर्यंत उडते. शिसे तापवताना त्याचा धूर आणि काम झाल्यावर बोटांना लागलेली धूळ, दोन्ही शरीरात जाऊन मेंदू आणि मूत्रपिंडे पोखरतात, मुलांच्या बाबतीत तर फारच. म्हणून घरातल्या स्वयंपाकाच्या भांड्यात आणि स्वयंपाकघरात हे काम कोणी करत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर संपूर्ण बंदी आहे. मारलेल्या जनावराच्या अवशेषांबरोबर शिसे खाऊन तिथले काँडर गिधाड मरत होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

पुन्हा थोडे इतिहासाकडे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली आणि फ्रेंचांची लेबेल रायफल १८८६ मध्ये आली. नव्या दारूचा दाब आणि वेग इतका होता की नुसते शिसे त्यापुढे टिकेना, म्हणून त्यावर तांब्या-निकेलचे कवच चढले. सैन्यापुरता कथील किती हा प्रश्न तिथेच मिटला. छंदिष्टांसाठी तो मिटलेला नाही.

वाचकांना एक विनंती. हे वाचून कोणाला साचा मागवावासा वाटला तर आधी कायदा पाहावा. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो तयार करायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय ते करू नये.